चिखलणी-लावणीविना भात, मागून वाल: वाडीतल्या नोंदी (मे 2023 ते जून 2024)

कर्जत तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी आमची वाडी आहे. बचत गटातल्या आम्ही चौघींनी प्रत्येकी दहा गुंठ्यांवर सगुणा भात तंत्र करून बघायचं ठरवलं. इकडे सगळे त्याला एसआरटीच (सगुणा राइस टेक्निक) म्हणतात. तंत्र आमच्याच तालुक्यातलं, नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळ्यांनी बसवलेलं. गादीवाफे एकदाच करायचे आणि पुढे त्यांना नांगर लावायचा नाही. राब (पाला-पाचोळा जाळून रोपं वाढवायची जागा), चिखलणी, लावणी यातलं काहीच नाही. भात कापलं की मुळं जमिनीतच ठेवायची आणि त्याच वाफ्यावर वाल टोकायचा. कसं करायचं हे सांगणारे पुष्कळ आहेत. इथे आमच्याकडे काय झालं तेवढंच लिहिते.

14 मे 2023
दोरी धरून आखणी. एका चरापासून दुसऱ्या चरापर्यंत साडेचार फूट (136 सेंमी) हवेत. खाचर सरळ कधीच नसतं, बांध वळेल तसं तेही वळतं. आम्ही बांधाला धरून आखत गेलो आणि मधे दोन वाफे एका टोकाला सहा फूट, दुसऱ्या टोकाला तीन फूट झाले. सगळं पुसलं. आता सर्वात लांब सरळ रेघ आधी मधोमध मारली आणि तिच्या दोन्ही बाजूंनी मोजत गेलो. कडेला तिरके तुकडे उरतात ते उरू द्यायचे, तिथे तूर किंवा भेंडी लावता येते. रेघेला चुना महाग पडतो, चुलीतली राख चालते.

28 मे
ट्रॅक्टरने एकदा उभं-आडवं नांगरून रोटाव्हेटर मारला, तास भराचे 1,000 रुपये. चर काढून माती वाफ्यावर ओढायला चार गडी, प्रत्येकी 500. आमच्या खाचराची माती काळसर चिकट, उन्हाने ढेकळं दगडासारखी झालेली. वळवाची एक सर येईपर्यंत थांबलो असतो तर दोन गड्यांत काम झालं असतं. उगाच घाई झाली.

साचा वेल्डरकडून करून घेतला, 1,600 रुपये, चौघींत वाटून. लोखंडी पट्ट्या आणि त्यांना खाली खुंट्या. दोघींनी दोन बाजूंनी धरून वाफ्यावर ठेवायचा आणि पायाने दाबायचा, की 25 सेंमीवर भोकं पडतात. वेल्डरने खुंट्या तीन इंची केल्या. "मजबूत पाहिजे ना" म्हणाला. याचा त्रास पुढे आहे.

12 जून
टोकणी. वाण कर्जत-3, हळव्यातला (लवकर तयार होणारा), साधारण 115 ते 120 दिवसांचा. बियाणं दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ घालून बुडवलं, वर तरंगलं ते कोंबड्यांना, खाली बसलं ते दोनदा धुऊन सावलीत सुकवलं. भोकाला तीन-चार दाणे. दहा गुंठ्यांना दीड किलोही लागलं नाही. लावणीच्या भाताला एवढ्याच खाचराला पाच किलो तरी राबात टाकायचो. सासूबाई उरलेल्या बियाण्याकडे बघत राहिल्या. "एवढ्यात भात होतंय होय?"

पहिल्या दोन वाफ्यांवर कळलं की तीन इंचांवर दाणा फार खोल जातो. काम थांबवून साचा परत वेल्डरकडे नेला, खुंट्या दीड इंचावर कापून घेतल्या. अर्धा दिवस गेला. त्या दोन वाफ्यांवर उगवण पुढे निम्मीसुद्धा झाली नाही. साचा करायला टाकताना खुंटीची लांबी कागदावर लिहून द्या, तोंडी सांगू नका.

21 जून
मृग कोरडा गेला. अरबी समुद्रातल्या बिपरजॉय वादळाने पाऊस ओढून नेला असं सगळे म्हणतात. ज्यांनी राबात धूळपेर (पावसाआधी कोरड्या मातीत पेरणी) केली त्यांची चिंता वेगळी, आमची वेगळी. आमच्या भोकांवर मुंग्यांच्या रांगा लागल्यात. एका चौकोनात बसून बघितलं: लाल मुंग्या तांदळाचं तूस वर टाकून आतला दाणा नेतात, भोकाच्या तोंडाशी तुसांची छोटी रास उरते. भोकं नुसती पायाने लोटली होती, ती आता मूठ-मूठ शेणखताने झाकली. शेजारच्या वहिनींनी टोकणीच्या दिवशीच झाकली होती, त्यांच्याकडे नुकसान नगण्य.

25 जून
आर्द्रा लागल्यावर आला एकदाचा. दिवसभर.

3 जुलै
उगवण दिसते. सरासरी चारातलं एक भोक रिकामं. नांगे (रिकाम्या जागा) भरायला रोपं कुठून आणायची? दाट भोकातली उपटून लावली तर दोन्हीकडची कोमेजतात. ज्या बाईने टोकणीच्याच दिवशी परसात दोन घमेल्यांत थोडं बियाणं टाकून ठेवलं होतं तिचे नांगे एका सकाळी भरून झाले. तिने ते नातवाला दाखवायला म्हणून केलं होतं.

रात्री चिंबोऱ्या (खेकडे) कोवळी रोपं बुंध्यातून कातरतात. चिखलात लावलेलं रोप महिन्याचं असतं, त्याला तेवढं होत नाही. आमचं रोप दोन पानांचं. औषध घालायचा विषयच नाही, खालीच विहीर आहे. वाडीतली पोरं तशीही बॅटऱ्या घेऊन रात्री हिंडतात, त्यांना आमच्या बांधांवर सोडलं. रोपं वाचली, कालवण झालं आणि बांधाची बिळं कुठे आहेत तेही कळलं.

9 जुलै
वरच्या खाचरात चिखलणी झाली. पाणी वरून खाली, खाचरातून खाचरात, असंच आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या उतरतं. ते गढूळ पाणी थेट आमच्या वाफ्यांवर आलं आणि कडेचे तीन वाफे वितळले. वरच्या काकांचा दोष नाही, ते दरवर्षीचंच काम करत होते. नेहमी आपण खालचे त्या पाण्याची वाट बघतो, यंदा नको होतं.

उपाय: वरच्या बांधाच्या पायथ्याशी हातभर रुंद चर खणून पाणी आमच्या कडेने खालच्या खाचरात काढलं. हा चर मेमध्ये, वाफ्यांच्याही आधी खणायला हवा. उताराच्या टप्प्याटप्प्यांच्या शेतीत एकट्याने एसआरटी करणाऱ्याला हा चर चुकणार नाही. सगळा टप्पा एकदम करणार असेल तर गोष्ट वेगळी.

12 जुलै
लावणीचा हंगाम भरात. आमच्याकडे लावणीला पलीकडच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांतल्या बाया येतात, 350 रुपये आणि जेवण. आज त्यातल्या एक वहिनी बांधावर थांबल्या. आमचे वाफे बघितले, हिरवे आहेत म्हणाल्या, आणि मग सरळ विचारलं, "तुमची लावणी नाय, मग आमची मजुरी कुठं?"

उत्तर नव्हतं. आम्ही गटात बसून हिशेब मांडला होता तो असा: दहा गुंठ्यांना लावणीच्या सहा बाया वाचल्या, म्हणजे 2,100 रुपये वाचले. तेच 2,100 तिच्या घरी येणार होते आणि ते जुलैत येणार होते, जेव्हा घरातलं धान्य संपत आलेलं असतं. चौघींच्या चाळीस गुंठ्यांनी कुणाची चूल बंद पडत नाही हे खरं. पण चांगलं निघालं तर सगळी वाडी हेच करणार, आणि आम्हालाही तेच हवंय.

वहीत खर्चाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना काढला: मजुरी कुणाकडे गेली.

24 जुलै
19 तारखेच्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्यानंतर इथेही डोंगराखाली कुणाला झोप नाही. शेताकडे कुणी गेलं नाही. आज गेलो तर चर गाळाने भरलेले, वाफे मात्र उभे. रोपांची मुळं माती धरून आहेत.

6 ऑगस्ट
तण. या नोंदींमधली सर्वात महत्त्वाची नोंद हीच समजा.

खाचरात पाणी उभं असलं की निम्मं तण तिथेच मरतं. वाफ्यावर पाणी उभं राहत नाही, म्हणून सगळं उगवतं: लव्हाळा, माका, धूर, पाखड. पाखड आणि भात कोवळेपणी वेगळं ओळखता येत नाही, आणि हाताखाली नवखी मुलगी असली तर ती भात उपटते. ओळीतलं ते भात आणि ओळीबाहेरचं ते तण असं सांगून तिला कामाला लावलं. साच्याचा खरा उपयोग इथे कळतो.

एसआरटीत तणनाशक धरलेलं आहे. टोकणीनंतर उगवणीआधी ऑक्सिफ्लोरफेन, आणि जुनं पीक व तण मारायला ग्लायफोसेट. आमच्या चौघींत यावरून सरळ भांडण झालं. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच फवारायचं असं बंधन घातलं, आणि तसा माणूस आमच्या वाडीत कोण येणार? पण कायदा बाजूला ठेवला तरी मला विहिरीच्या वरच्या अंगाला ते नकोच होतं. तिघींनी काहीच मारलं नाही. चौथीच्या घरी दिराने टोकणीनंतर ऑक्सिफ्लोरफेन मारलं.

निकाल लपवण्यात अर्थ नाही. तिच्याकडे बेणणीला (तण काढायला) दोन बाया पुरल्या. माझ्याकडे दोन फेऱ्यांत मिळून नऊ लागल्या, 3,150 रुपये. ती मजुरी जुलैतल्या त्या वहिनींना आणि त्यांच्या वाडीतल्या बायांनाच गेली, म्हणजे लावणीपेक्षा जास्तच. तिच्या दिराचं म्हणणं, मग यात तुमचं काय वाचलं? पहिल्या वर्षी काही नाही. मी तरीही पुढच्या वर्षी मारणार नाही. मात्र बेणणी कमी कशी होईल ते बघायला हवं, कारण दरवर्षी नऊ बाया मलाही परवडणार नाहीत.

एक गोष्ट करून बघितली. बांधावरच्या गिरिपुष्पाच्या फांद्या तोडून तीन वाफ्यांवर ओळींच्या मधे पाला अंथरला. तिथे दुसऱ्या बेणणीला तण हातानेच निघालं, विळा लागला नाही. पाला कमी पडला, बांधावर झाडंच तेवढी नाहीत. पूर्वी राब भाजायला जो पाला-पाचोळा जाळायचो तो यंदा वाचलाय. पुढच्या मेमध्ये तो वाफ्यांसाठी राखायचा.

27 ऑगस्ट
पावसाने दडी मारलीय. असा कोरडा श्रावण वाडीतल्या म्हाताऱ्यांनाही आठवत नाही. वरच्या खाचरांत भेगा पडल्या, बोट जाईल एवढ्या. आमच्या वाफ्यांवर केसासारख्या. पाला टाकलेल्या तीन वाफ्यांवर त्याही नाहीत. भात दुपारी पानं गुंडाळतं, सकाळी उघडतं. आज पहिल्यांदा वरचे काका स्वतःहून खाली उतरून आले, वाफ्यात काठी खुपसून बघितली आणि काही न बोलता गेले.

युरिया-डीएपी ब्रिकेट (खताच्या दाबलेल्या गोळ्या) जुलैअखेर चार चुडांच्या (भाताच्या ठोंबांच्या) मधे एक अशा खोचल्या होत्या, भातलावणीच्या चारसूत्री पद्धतीतल्यासारख्या. ओल नसताना खोचल्या तर तशाच पडून राहतात. एका घरी उशीर झाला, तिथे आता उकरल्या तर जशाच्या तशा हाताला लागल्या.

सप्टेंबर
गणपती. पाऊस परत आला. निळे भुंगेरे थोडे दिसले, वाढले नाहीत. याशिवाय लिहिण्यासारखं काही नाही.

28 ऑक्टोबर
कापणी. उपटायचं नाही, जमिनीलगत कापायचं, मुळं आत. घरच्या गडी माणसांना सवय नाही, दोघांनी झटका देऊन चूडच्या चूड उपटले. मूळ वर आलं की वाफा तिथे ढासळतो. विळ्याला आदल्या रात्री धार लावून ठेवली तर ही वेळ येत नाही.

1 नोव्हेंबर
माझ्या दहा गुंठ्यांचा हिशेब.

नांगरट व रोटाव्हेटर 1,000. वाफे करायला 2,000. साच्याचा वाटा 400. टोकणीला चार बाया 1,400. बेणणी 3,150. ब्रिकेट, शेणखत वाहतूक मिळून 900. कापणी-झोडणी घरच्या माणसांनी. एकूण 8,850.

भात 3 क्विंटल 80 किलो. या खाचरात एरवी साडेतीनच्या आसपास निघतं. यंदाचा साध्या भाताचा हमीभाव 2,183 रुपये, त्या दराने 8,295. म्हणजे घरच्या माणसांची मजुरी न धरताही 555 रुपये तोटा. जुन्या पद्धतीने चिखलणी, राब, लावणी, खत धरून खर्च साडेचार हजारांच्या घरात जातो.

चौथीच्या, म्हणजे दिराने औषध मारलेल्या वाफ्यांत 4 क्विंटल 10 किलो निघालं, खर्च 6,700. तेही लिहून ठेवते.

वाफ्यांचे तीन हजार पुढच्या वर्षी लागणार नाहीत. साचाही आहे.

5 नोव्हेंबर
वाल टोकला, कडवा, घरचाच. जुन्या भाताच्या दोन चुडांच्या मधे, ओल आहे तोवर. साचा लागत नाही, काठीने भोक पाडायचं. एका दिवसात काम संपलं.

खरं काम संध्याकाळी मारुतीच्या देवळात होतं. भात निघालं की इथे गुरं मोकळी सोडतात, उन्हाळा संपेपर्यंत. कुणी कुणाला विचारत नाही, रिवाज आहे. मोठ्या शिवारात चाळीस गुंठे वाल म्हणजे गुरांना आमंत्रण. कुंपणाचा खर्च चौघींना मिळूनही झेपणारा नाही.

बैठकीत पहिला प्रश्न आला, "तुमच्या वालासाठी आमची गुरं बांधून ठेवायची का?" रास्त आहे. ज्याच्याकडे चार गुरं आणि दोन गुंठे जमीन त्याला आमच्या वालाचं काय? दोन तास गेले. ठरलं ते असं: एक गुराखी ठेवायचा, सगळ्यांची गुरं एकत्र डोंगराकडे न्यायची. गुरामागे मालकाने महिना 50 रुपये, उरलेलं चौघी देणार. आमचा पेंढा आम्ही विकायचा नाही, ज्यांच्याकडे गुरं आहेत आणि शेत नाही त्यांना द्यायचा. पेंढ्याची गोष्ट सासूबाईंनी काढली आणि तिथून बोलणं वळलं.

गुराखी म्हणून पलीकडच्या कातकरी वाडीतले एक आजोबा तयार झाले. त्यांच्या घरचे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीला जातात, ते वयामुळे मागे राहतात. महिना 3,000.

27 नोव्हेंबर
काल अवकाळी पाऊस झाला. झोडणी राहिलेल्यांचं भात भिजलं, वरच्या काकांचंही. आमच्या वालाला मात्र तो पाण्याचा हप्ता ठरला. असं लिहायला बरं वाटत नाही, पण झालं ते असं.

17 डिसेंबर
रात्री सहा गुरं आत शिरली. आमच्या वाडीची नव्हेत, खालच्या गावातली, त्यांना देवळातला ठराव कुणी सांगितला? दोन वाफे साफ. सकाळी खालच्या गावात गेलो ते भांडायच्या तयारीने. तिथे एका मामींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "आम्हालाबी बोलवा की बैठकीला." पुढच्या रविवारी बोलावलं. त्यांच्यातल्या तिघांनी गुरं आजोबांकडे दिली. गुराख्याचा पगार 3,500 झाला, आमचा वाटा उलट कमी झाला.

जानेवारी 2024
कोवळ्या शेंगा. पोरांनी पोपटी लावली. भांबुर्ड्याचा पाला, मडकं, त्यात शेंगा आणि अंडी. गुराखी आजोबांना पहिलं ताट. पोपटीत किती शेंगा गेल्या त्याचा हिशेब ठेवलेला नाही.

10 मार्च
वाल काढला. वाळलेला 42 किलो. बारा किलो घरात ठेवला, तीस किलो 120 रुपयांनी वाडीतून आणि कर्जतच्या ओळखीतून गेला: 3,600. गुराख्याला चार महिन्यांत माझ्या वाट्याचे 1,300 गेले. काढणीलाही मुळं आत ठेवली. एका वाफ्यात कुदळीने बघितलं: भाताच्या जुन्या मुळांच्या जागी बारीक नळ्या, त्यांत गांडुळांची विष्ठा. खाली चिखलणीने झालेला कडक थर अजून तसाच आहे, सात-आठ इंचांवर कुदळ वाजते.

2 जून 2024
वाफ्यांची डागडुजी. ढासळलेल्या कडा आणि गाळाने भरलेले चर, एक गडी, एक दिवस, 500 रुपये. वरच्या बांधाखालचा चर आधी. राबाचा वाचलेला पाला ढीग करून ठेवलाय, सात वाफ्यांना पुरेल असा अंदाज. परसात घमेली तयार.

वरचे काका यंदा त्यांचं खालचं खाचर वाफ्यांवर करणार आहेत, म्हणजे त्या बाजूचं गढूळ पाणी नाही. चौघींच्या सात जणी झाल्या. पलीकडच्या वाडीतल्या पाच बायांच्या टोळीला टोकणी आणि दोन्ही बेणण्यांचं काम आधीच बोलून ठेवलंय, दहा गुंठ्यांना 4,000 रुपये उक्ते, त्यातले 1,000 जुलैच्या पहिल्या आठवड्यात आगाऊ. आगाऊची अट त्यांनीच घातली. दुसरा साचा करायला टाकलाय, खुंटी दीड इंच, कागदावर लिहून.